आजचं चिंतन : भास्कराचार्य आणि शेवटचा क्षण



आजचे श्लोक गीतेच्या आठव्या अध्यायातले, पाच ते सात. पोथी असो की मोबाइल, जे हाताशी असेल त्यात आधी एकदा वाचून घ्या. भावार्थ असा, की अंतकाळी जो भगवंताचं स्मरण करत देह सोडतो तो भगवंतालाच मिळतो. माणूस ज्या भावाची आठवण करत जातो तोच भाव त्याला प्राप्त होतो, कारण आयुष्यभर तो त्याच भावात मुरलेला असतो. आणि म्हणून अर्जुना, सगळ्या काळी माझी आठवण ठेव आणि तुझं युद्धही चालू ठेव.

या श्लोकांवर तुमच्यापैकी अनेकांचे मेसेज येतात, आणि फिरून फिरून प्रश्न एकच असतो. सगळं त्या शेवटच्या क्षणावरच आहे का? जन्मभर नाम घेतलं आणि नेमकी त्या क्षणी शुद्धच नसली तर? झोपेत गेलो तर? अपघात झाला तर? याच्या उलटा प्रश्नही असतो. शेवटच्या क्षणी घ्यायचंय ना नाव, मग आत्तापासून घाई कशाला?

हा प्रश्न माझ्याही घरातला आहे. त्याकडे शेवटी येतेच. पण उत्तर शोधायचं तर आधी क्षण म्हणजे काय, हे बघायला हवं. त्यासाठी आज संतचरित्र नाही, एका गणिती माणसाचं चरित्र घेतलंय. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी एक मठ आमच्या खान्देशात उभा राहिला होता, आणि क्षणाचा हिशेब त्यांच्याइतका मन लावून आपल्याकडे फार थोड्यांनी केला असेल. भास्कराचार्य. लीलावतीवाले.

वर्तमान शे का नही?

खान्देशात आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणतो. तर प्रश्न असा, की वर्तमान खरंच 'शे' का?

हसू नका. हा प्रश्न न्यायसूत्रांत आलेला आहे, आणि त्यावर रीतसर वाद झालाय. शंका घेणारा म्हणतो, देठापासून सुटलेलं फळ बघा. जेवढं अंतर ते खाली आलं तो झाला भूतकाळ. जेवढं यायचं राहिलं तो भविष्यकाळ. या दोन अंतरांच्या मधे तिसरं अंतर कुठंय? नाहीच. मग वर्तमानकाळ नावाची गोष्टच नाही.

तुम्ही स्वतः करून बघा. 'आत्ता' म्हणा. 'आ' म्हणताना 'त्ता' यायचा आहे, 'त्ता' म्हणताना 'आ' गेलेला आहे. कितीही बारीक कापलं तरी एक फाक मागे पडते, एक पुढे राहते. रील्सवर रोज कुणीतरी सांगतं, वर्तमानात जगा. पण जिथे पाऊल ठेवायलाही जागा नाही तिथे जगायचं कसं?

न्यायसूत्रकार गौतमांनी याला उत्तर दिलंय. वर्तमान नाही म्हणाल तर भूत आणि भविष्यही हातचे जातील, कारण ते दोन्ही वर्तमानाच्या आधारानेच ओळखले जातात. आणि वर्तमान ओळखायचा तो अंतरावरून नाही, क्रियेवरून. फळ पडतंय, हे जे 'पडणं' आहे ना, तोच वर्तमान. अंतराच्या हिशेबात तो सापडत नाही, कारण तो अंतर नाहीच.

हे उत्तर मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडं शब्दांचा खेळ वाटलं होतं. ते पटलं भास्कराचार्यांकडे वळल्यावर, कारण त्यांनी त्या 'पडण्या'ला आकडा दिला.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल थोडंच सांगितलंय, पण जे सांगितलं ते नेमकं. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर, हेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. हे गाव म्हणजे आजचं कोणतं, यावर अभ्यासकांत बराच वाद आहे. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड म्हणतं, कुणी आमच्या पाटणच्या आसपास दाखवतं.

छत्तिसाव्या वर्षी, ११५० मधे, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित आणि भूमिती, दुसऱ्यात बीजगणित, उरलेल्या दोनांत आकाश. छत्तिशीत आपण काय करत असतो ते आठवून बघा. होम लोन आणि अप्रेझल. असो.

ग्रहगणिताच्या सुरुवातीलाच त्यांनी काळाची मापं दिली आहेत. पापणी लवते तो निमिष. त्याचा तिसावा भाग तत्पर. तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. उलट्या बाजूनं १८ निमिषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांची घटिका, दोन घटिकांचा एक क्षण आणि ३० क्षणांचा दिवस. गुणाकार करा: एका दिवसात ९,७२,००० निमिषं. त्रुटी मोजायला बसलात तर आपल्या एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात.

यात एक गंमत लक्षात आली का? त्यांचा 'क्षण' ४८ मिनिटांचा आहे! भागवताच्या तिसऱ्या स्कंधात, अकराव्या अध्यायात काळाची मापं येतात, तिथे तीन निमिषांचा एक क्षण होतो, आणि तो हिशेबाला आपल्या १.२८ सेकंदांचा भरतो. म्हणजे 'क्षण' या शब्दाचीही एक लांबी ठरलेली नाही. ज्याला जेवढ्यानं काम भागतं तेवढा त्याचा क्षण. (चंद्रावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायलाही साधारण तेवढेच, १.२८ सेकंद लागतात. हा निव्वळ योगायोग आहे. कृपा करून याचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड बनवू नका. पण आकाशात दिसणारा 'आत्ता'चा चंद्र आत्ताचा नसतो, एवढं खरं.)

दुसरं एक माप त्यांनी दिलंय ते मला फार जवळचं वाटतं. दहा दीर्घ अक्षरं म्हणायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक प्राण, एक श्वास. सहा श्वासांचं एक पळ. ६० पळांची घटिका. ६० घटिकांची दिवसरात्र. म्हणजे दिवसाला २१,६०० श्वास, आणि एक श्वास चार सेकंदांचा. वर्तुळाच्या ३६० अंशांतल्या कलाही २१,६००च. आकाश एका फेरीत जितक्या कला फिरतं तितके आपले श्वास. काळ मोजायचं पहिलं यंत्र आपण छातीत घेऊन फिरतो.

यंत्रांवरून आठवलं. गोलाध्यायात त्यांनी बरीच यंत्रं सांगितली आहेत. घटीयंत्र त्यातलंच, तळाला भोक पाडलेलं तांब्याचं पात्र, पाण्यावर ठेवायचं, दिवसरात्रीत ६० वेळा भरून बुडतं. आपण 'घटका भरली' म्हणतो ते त्यावरूनच. पण सगळी यंत्रं सांगून झाल्यावर ते म्हणतात की सर्वात श्रेष्ठ यंत्र म्हणजे बुद्धी. त्याला त्यांनी नाव दिलंय धीयंत्र.

एकादशी नेमकी कधी लागते?

आता मुख्य गोष्ट. तुम्ही एकादशी करता. पंचांगात लिहिलेलं असतं, एकादशी समाप्ती अमुक वाजून तमुक मिनिटांनी. ही वेळ येते कुठून?

सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी झाली. शुक्ल पक्षात चंद्र सूर्याच्या १२० अंश पुढे गेला की दशमी संपली, एकादशी लागली. १३२ अंशांवर एकादशी संपली, द्वादशी लागली. बरोबर १२० अंशांचा जो क्षण, त्याला रुंदी नाही. अलीकडे दशमी, पलीकडे एकादशी. फळासारखंच झालं की नाही?

आता तो क्षण शोधायचा कसा? जुनी सोपी रीत अशी. आज सूर्योदयाला चंद्र कुठे होता, उद्या सूर्योदयाला कुठे असेल, दोन्हींची वजाबाकी केली की दिवसाची गती मिळाली. पण चंद्र काही एकसारखा चालत नाही. त्याची सरासरी चाल दिवसाला १३ अंशांच्या थोडी वर आहे. कधी ती १२ च्या आत येते, कधी १५ च्या घरात जाते. तिथी कधी १९–२० तासांत आटोपते आणि कधी २६ तासांपर्यंत रेंगाळते, ती त्यामुळेच.

भास्कराचार्यांनी नेमकं हेच पकडलं. चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी सारखी राहत नाही. मग दिवसभराच्या वजाबाकीवर कसं भागेल? आज आणि उद्यामधली वजाबाकी ही ठोकळ गती. हवी आहे ती त्या क्षणाची गती. तिला त्यांनी म्हटलं तात्कालिक गती. आणि ती काढायची रीतही दिली. कोन इवलासा बदलला की त्याची ज्या किती बदलते, हे त्या जागच्या कोटिज्येवरून काढायचं. शाळेत बारावीला ज्यांनी साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन असं घोकलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यांच्या आधी दहाव्या शतकात मुंजालांच्या 'लघुमानस'मधे याच वाटेची रीत येऊन गेली होती. पण तो फक्त सोयीचा नियम राहू न देता, असं का करायचं ते भास्कराचार्यांनी स्पष्ट करून सांगितलं.

ग्रीसमधे त्यांच्या दीड हजार वर्षं आधी झेनो नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. तो म्हणायचा, सुटलेला बाण प्रत्येक क्षणी एका ठरावीक जागीच असतो, मग तो त्या क्षणी स्थिरच आहे. सगळेच क्षण स्थिर, तर बाण हलतो कधी? झेनोनं ठरवलं की हलणं हाच भास आहे. भास्कराचार्यांना असं म्हणून सुटता येणार नव्हतं. त्यांना उद्याचं पंचांग द्यायचं होतं, ग्रहणाची वेळ सांगायची होती. त्यांनी क्षणाला लांबी नाही हे मान्य केल्यासारखं केलं आणि विचारलं, बरं, पण या क्षणी चाल किती?

त्यांच्या मांडणीतून मला आजच्या श्लोकांसाठी मिळालं ते एवढंच: क्षणाला लांबी नसते, पण चाल असते. चाल म्हणजे वेग आणि दिशा. एका बिंदूत तुम्ही काही साठवू शकत नाही, काही करूही शकत नाही, त्यात जागाच नाही. पण त्या बिंदूत तुम्ही कुठल्या बाजूला चालला आहात, हे मात्र पूर्ण असतं. न्यायसूत्रांनी जे 'पडणं' म्हटलं ते हेच.

आणि अजून एक. ही तात्कालिक गती बिंदूकडे एकट्याकडे बघून कळत नाही. अलीकडे काय होतं, पलीकडे काय होणार, या रेषेवरून ती ठरते. चंद्राचा एकच फोटो काढला तर तो कुठे आहे एवढंच कळेल, कुणीकडे चाललाय ते कळणार नाही. ते सांगते त्याची वाट.

लीलावतीचा हुकलेला मुहूर्त

लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती. तिच्या लग्नाला एकच मुहूर्त होता. त्यासाठी घटिकापात्र पाण्यावर ठेवलेलं. मुलगी कुतूहलानं वाकून बघायला गेली, तिच्या अंगावरचा एक मोती निसटून पात्रात पडला, भोक बुजलं. पात्र बुडेना. सगळे वाट बघत बसले आणि मुहूर्त केव्हाच निघून गेला. मग वडील म्हणाले, तुझ्या नावानं ग्रंथ लिहितो, तो जगात राहील.

ही आख्यायिका आहे. ती दिसते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मधे केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये. पण ती टिकली, कारण तिच्यातली हळहळ आपल्या सगळ्यांची आहे. तो एक क्षण होता आणि तो हुकला. परीक्षेचा, नोकरीचा, कुणाला सॉरी म्हणायचा, कुणाला शेवटचं भेटायचा.

गोष्टीकडे नीट बघा मात्र. मुहूर्त हुकला म्हणून बापलेकीचं नातं तिथे संपलं नाही. लीलावती ग्रंथ वाचलात तर कळेल, गणितं घालताना मधेच किती मायेनं हाक मारलेली आहे. ती हाक काही एका मुहूर्तात बसणारी नव्हती.

याच्या जोडीला समर्थांची गोष्ट ठेवून बघा. लहानपणापासून आम्ही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जायचो. शंकरराव देवांनी आयुष्य घालवून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडं तिथे आहेत. परंपरा सांगते, जांबेच्या बारा वर्षांच्या नारायणानं बोहल्यावर 'सावधान' ऐकलं आणि तो पळाला. आपल्याला वाटतं त्या एका शब्दानं सगळं केलं. पण 'सावधान' तर त्या दिवसापर्यंत हजारो नवरदेवांनी ऐकलं होतं! पळाला एकच. कारण त्याची चाल आधीपासून त्या दिशेनं होती. क्षणानं फक्त ती उघडी केली.

पाटणचा मठ

आता पुन्हा भास्कराचार्यांकडे. ११८३ मधे, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पंचांग करणाऱ्यांना गणित सोपं जावं म्हणून. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, छत्तिशीत जे केलं तेच पुढच्यांना सोपं करून देतोय. चाल बदललेली नाही.

आणि मग खान्देश. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे, पाटणादेवीचं. गौताळा अभयारण्याचं जंगल, वर पितळखोऱ्याची लेणी. धुळ्याहून चाळीसगावला जायचं, तिथून पुढे पाटणला. नवरात्रात मोठी गर्दी असते. मी गेले होते ती पावसाळ्यात. ओढे भरलेले, माणूस चिटपाखरू नाही, मंदिरात दिवा तेवढा.

याच पाटणमधे एक शिलालेख सापडला. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्यात आहे: त्रिविक्रमापासून मनोरथ, महेश्वर, भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालानं आपल्या दरबारी नेलं. चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या नातवानं पाटणला मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजानं दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, शेवटच्या ओळी जुन्या मराठीत.

दान कधी दिलं? १२०७ मधे, श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहण चालू असताना. आजोबांनी ज्या चंद्राची क्षणाक्षणाची गती काढली, त्याच चंद्राला ग्रहण लागलेलं असताना त्यांच्या विद्येला जमीन मिळाली.

जवळच, गिरणेकाठी बहाळ गाव आहे, तेही चाळीसगाव तालुक्यातच. तिथल्या १२२२च्या लेखात भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव भेटतो. तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी. त्यानं तिथे देवीचं मंदिर बांधलं. म्हणजे घराणंच त्या चालीचं. आजोबा गेले त्या क्षणी ते काय म्हणत होते, कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याची गरजही कुणाला भासली नाही. त्यांची चाल कुणीकडे होती, हे मुलगा, नातू, पुतण्याचा मुलगा, सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या घरातला प्रश्न

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, धुळ्यात गेले. मी पुण्याहून निघाले होते, रस्त्यातच फोन आला. शेवटचे दोन दिवस ते व्हेंटिलेटरवर होते, शुद्ध नव्हती. दहाव्याला आत्या माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, शेवटी नाव घेतलं का गं त्यानं? नळी होती तोंडात, कसं घेणार? मग काय होईल गं त्याचं? तिचा गीतेवर विश्वास, म्हणूनच तिला भीती. मी काही बोलले नाही. मला उत्तर माहीतच नव्हतं. उलट तिच्या प्रश्नात माझाही एक प्रश्न मिसळला: आणि मी नव्हते तिथे, त्याचं काय?

पुढे कित्येक महिने हे तीन श्लोक माझ्याच्यानं वाचवले नाहीत. मग कधीतरी सहावा श्लोक नीट वाचला. त्यात एक शब्द आहे, सदा. शेवटच्या स्मरणाचं कारण भगवंत तिथेच सांगतो: तो सदा त्या भावात मुरलेला असतो म्हणून. आणि लगेच सातव्यात सांगतो, म्हणून सगळ्या काळी. शेवटच्या क्षणी हुशारी करून काहीतरी साधायचंय, असं तो म्हणतच नाही. त्या क्षणात काही साधायला जागाच नाही. तिथे असते ती चाल. आणि चाल ठरते आधीच्या वाटेवरून.

आप्पा रोज पहाटे आंघोळ करताना हरिपाठ म्हणायचे. थंडीत आवाज कापायचा, मधे खोकला यायचा, बादली आदळायची, पण अभंग सुटायचा नाही. शाळेत शिकवायला जाताना सायकलवर उरलेला पूर्ण व्हायचा. चाळीस-एक वर्षं. नळीनं त्यांचं तोंड बंद केलं, ती वाट नाही पुसली. हे मी आत्याला फोन करून सांगितलं, भास्कराचार्यांसकट. चंद्र ढगाआड गेला म्हणून त्याची चाल थांबते का, असं विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, सायकलवरचं मलाबी आठवतं.

माझा स्वतःचा प्रश्न तेवढा सुटला नव्हता. तिथे मी नव्हते, हे खरंच आहे. त्याला बीजगणितातल्या एका जागेनं हात दिला. एखाद्या संख्येला शून्यानं भागलं तर जी राशी येते तिला भास्कराचार्य खहर म्हणतात. या राशीत काही मिळवा, काही वजा करा, ती बदलत नाही. आणि इथे हा गणिती माणूस एकदम देवाकडे वळतो. तो म्हणतो, प्रलयात सगळे जीव अनंत अच्युतात शिरतात, सृष्टी होताना त्याच्यातून बाहेर पडतात, तरी त्याच्यात काही फरक पडत नाही, तसं हे आहे. गणित म्हणून शून्यानं भागणं आज आपण वेगळ्या रीतीनं मांडतो, तो मुद्दा निराळा. पण त्या ओळीशी मी थांबले. माझा हिशेब वजाबाकीचा होता: एक क्षण गेला, तेवढी मी कमी पडले. ज्याच्याकडे आप्पा गेले तिथे वजाबाकी चालत नाही. आणि माझी आप्पांकडची चालही त्या एका क्षणाची नव्हती. ती अजून चालू आहे.

तर वर्तमान शे का? आहे. पण राहायला खोली म्हणून नाही, चाल म्हणून आहे. म्हणूनच तो पकडून ठेवता येत नाही आणि म्हणूनच तो हुकतही नाही. पुढचा श्वास आला की पुन्हा विचारता येतं, कुणीकडे चाललेय मी?

आजचा अभ्यास

आजचा अभ्यास अगदी छोटा. एक पळ. भास्कराचार्यांच्या हिशेबानं सहा श्वास, आपले २४ सेकंद. लोकलमधे, लिफ्टमधे, मीटिंग सुरू व्हायच्या आधी, कुठेही. प्रत्येक श्वासाला तुमचं जे नाम असेल ते एकदा. मन लागलं की नाही हे तपासत बसू नका. फक्त तोंड त्या दिशेला वळवा. दिवसातून तीनदा करा. दशमी-एकादशीच्या मधला तो क्षण कुणाला दिसत नाही, तरी उपास त्यावरच सुरू होतो. तसंच हे.

आणि घरात कुणी गेलेलं असेल, शेवटचं बोलणं राहून गेलेलं असेल, तर आज त्यांची एक रोजची सवय आठवा. शेवटचा दिवस नको, रोजची सवय.

उद्या याच अध्यायातला आठवा श्लोक घेऊ, अभ्यासयोगाचा.

राम कृष्ण हरी.